चाळीस मानकरी, तीन मांडव

मी सत्यशीलाताईंचा जुना संगणक बोलतोय. वय चौदा, स्मरणशक्ती बेताची. ताई बीडच्या कॉलेजात शिकवतात. प्रश्न तर्काच्या भाषेत कसा मांडला जातो, त्यावरून तो सोडवायला वेळ आणि जागा किती लागेल हे ओळखायचं, हा त्यांचा अभ्यास. मी मात्र नांदूरघाटला, घरीच असतो.

त्यांच्या धाकट्या बहिणीचं, संस्कृतीचं लग्न ठरलं. वडील मोहनराव पुढारी. स्वतःला धरून चाळीस मानकऱ्यांची यादी त्यांनी ताईंपुढे टाकली, ताईंनी ती माझ्यात भरली. कोणाची कोणाशी बोलचाल बंद, तेही तोंडपाठ.

"वाकडं असलेले एका मांडवात नकोत," ते म्हणाले. "मागल्या लग्नात खुर्च्या उडाल्या. दोन मांडवांत बसव."

मी लगेच सांगितलं, जमत नाही. एकाला इकडे बसवलं की त्याचे वैरी तिकडे, त्यांचे वैरी परत इकडे. थोड्याच वेळात दोन वैरी शेजारी आलेच.

"मग तीन मांडव घालू!"

इथे माझा जीव मेटाकुटीला आला. अशी वाटणी आहे का, की कोणतेही दोन वैरी एकत्र येणार नाहीत? प्रश्न एका ओळीचा. हाती आलेली वाटणी तपासायला क्षण पुरतो. शोधायला मात्र अंत नाही. फसलेल्या वाटण्या लक्षात ठेवाव्यात तर माझी जागा संपायची, विसराव्यात तर त्याच पुन्हा तपासत बसायचो. दोन दिवस गरगरलो. लग्न परवावर आलं.

"लई तापलाय की ह्यो," मोहनराव म्हणाले.

"त्यो न्हाई, तुमची मानसं अवघड हायेत, आबा," ताई म्हणाल्या.

त्यांनी मला थांबवलं आणि पेन घेतलं. ज्याचे वैरी तिघांहून कमी, त्याला शेवटी तीनपैकी एक मांडव मोकळा मिळणारच. त्याचं नाव खोडलं. त्यामुळे दुसऱ्याचे वैरी घटले, त्याचंही खोडलं. खोडता खोडता चौघे उरले: शहादेव, हनुमानराव, धोंडीराम आणि मोहनराव. चौघांचंही एकमेकांशी वाकडं.

"चौथा मांडव घाल."

"जागा न्हाई, आबा. दोघांनी तरी बोलायला लागंल."

मोहनरावांनी कागदावरच्या धोंडीरामच्या नावावर बोट ठेवलं. मग फोन लावला.

"धोंडीराम, मोहन बोलतोय... कावून फोन केला म्हंजे? पोरीचं लगीन हाय. माझ्या शेजारी बसशील का?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. मोहनरावांनी चष्मा काढून पुसला. "वहिनीलाबी आन," एवढं म्हणाले.

बारा वर्षांनी दोघे एका पंगतीत जेवले आणि जिलबीवरून पुन्हा थोडे भांडले.

आता माझ्यावर फडकं टाकलेलं असतं. तरी युसूफ वडगावसारख्या गावांहून माणसं येतात. "भांडणं मिटवनारं मशीन हेच का?" विचारतात. बाबांनो, मी दोन दिवस नुसता गरम झालो होतो. मला न्यायला गाडी आणू नका. फोन तुमच्याच खिशात आहे.