दातूकचा खोकला

पेनांगच्या त्या शेडमध्ये विमानाचे ॲल्युमिनियमचे भाग गंजू नयेत म्हणून रसायनात बुडवून काढत. काम साधलं तर भाग मधासारखा सोनेरी निघे. फसलं तर कांजिण्या आल्यागत ठिपकेच ठिपके.

लागोपाठ दोन खेपा कांजिण्यांच्या निघाल्या. मालक होता तियो. टाकीवर काम करणाऱ्या सुई लानला तो म्हणाला, "आजचीही तशीच निघाली, तर टाकी विकतो. तू घरी बसून नूडल्स वळ." आणि मागच्या भिंतीशी दातूकच्या देवळीपुढे त्याने आणखी ऊद जाळला. दातूक म्हणजे त्या जागेचा राखणदार देव; स्वप्नात येऊन लॉटरीचा आकडाही देतो म्हणे. धूर एवढा, की मागे एकदा आगीचा बंब आला होता. जवान प्रसादाची केळी खाऊन परत गेले.

सुई लानने धुतलेला भाग उजेडात धरला. स्वच्छ धातूवर पाणी ओल्या कापडासारखं अंगभर बसतं. इथे ते थेंबाथेंबांनी फुटलं. म्हणजे तेलकटपणा. तिने वर पाहिलं. देवळीच्या बाजूचा पंखा धूर आत ओढत होता आणि धुण्याच्या पाण्यावर उदाची चिकट साय धरली होती.

"काक, हा ऊद विझवायला हवा," ती शेजारी काम करणाऱ्या महानीला म्हणाली. काक म्हणजे ताई.

"विझव की. आधी नूडल्सची गाडी कुठे लावायची ते ठरव."

सुई लान तियोपुढे उभी राहिली. "तौके," ती मालकाला म्हणाली, "दातूक माझ्या स्वप्नात आले होते."

ऊद घालणारा त्याचा हात थांबला. "काय म्हणाले?"

"खोकत होते. म्हणाले, धुराने जीव घुसमटतो, ऊद फाटकापाशी लाव."

"मला सोडून तुझ्या स्वप्नात?"

"तुम्ही फार घोरता म्हणे."

महानीने तोंडात फडकं कोंबलं. आता भाग बिघडला, तर सुई लानची नोकरी जाणारच, वर देवाच्या नावाने खोटं बोलल्याचं पापही माथी बसणार. शेवटी तियोने धुपाटणं उचललं आणि स्वतः फाटकाकडे नेलं.

तिने पाणी बदललं. नवा भाग धुऊन वर उचलला. तियोचा श्वास तिच्या मानेवर. पाणी अंगभर बसलं, कुठे फुटलं नाही. मग तिने तो रसायनात सोडला.

भाग वर आला. मध.

तियोने बोट पुढे केलं. "हात लावू नका," ती म्हणाली, "ओला आहे अजून." मालकाने मुकाट्याने बोट मागे घेतलं, देवळीला हात जोडले आणि खिशातून लॉटरीची चिठ्ठी न् पेन्सिल काढली. महानीही फडकं टाकून जवळ सरकली.

"आता खरं सांग," तियो हळूच म्हणाला, "आकडा कोणता सांगितला त्यांनी?"

सुई लानच्या कपाळावर पाणी थेंबाथेंबांनी फुटलं.