मागच्या सीटवर बसलेले भावजी

भावजी गेले तेव्हाही ताईच्या दारात इतकी माणसं जमली नव्हती. शेजारचे, समोरचे, समोरच्यांचे पाहुणे, सगळे माना उंचावून तिच्या गाडीकडे बघत होते. स्टिअरिंगवर ताईचा दीर होता. त्याने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पुढे जायचं सोडून गाडीचा मागचा भागच हळूच खाली दबला, कुणीतरी मागच्या सीटवर येऊन बसावं तसा.

"बसले," मौनीबाबा म्हणाले, आणि बायकांनी तोंडाला पदर लावले.

यांना मौनीबाबा का म्हणतात ते देव जाणे. मी आल्यापासून त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. आत्म्याचं वजन किती, लोखंडात आत्मा कसा अडकतो, त्यात मधूनच 'व्हायब्रेशन'. निष्कर्ष असा, की बायकोने घराबाहेर पडलेलं भावजींना नको आहे, म्हणून ते मागे बसून गाडी अडवतात. त्यावर सकाळ-संध्याकाळ मागच्या चाकांवर मंतरलेलं मीठपाणी ओतायचं. तरीही आत्मा हटला नाही, तर गाडी आश्रमाला देऊन टाकायची. आत्मा काही हटला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी गाडी उचलून न्यायला क्रेन येणार होती.

"आश्रमात गेल्यावर भावजी उतरणार का?" मी विचारलं.

"तिथे आम्ही उतरवून घेऊ," बाबा शांतपणे म्हणाले. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

खरं सांगायचं तर मला बाबांपेक्षा ताईचाच जास्त राग आला होता. तिला गावाबाहेरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि पहाटेच्या पाळीला तिकडे बस नाही. गाडी गेली की नोकरी गेली, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. तरीही ही शिकलीसवरलेली बाई मीठपाण्याची बादली घेऊन चाकापाशी उभी. मी तिला बाजूला घेऊन झापलं. ती म्हणाली, गाडी त्यांनीच शिकवली मला, आणि आता तेच अडवतायत, मी काय करू?

गॅरेजवाल्याला फोन केला. येतो म्हणाला, पण बाबांना विचारून.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. रोज पोरांना 'करून बघा' सांगायचं आणि इथे हात बांधून उभं राहायचं? मी माझी गाडी आणून ताईच्या गाडीशेजारी लावली, हँडब्रेक कचकन वर ओढला आणि सगळ्यांना मागे बघायला सांगितलं. गिअर टाकून क्लच सोडला. माझ्या गाडीचाही मागचा भाग तसाच हळूच दबला.

"आता इथे कोण बसलं?" मी विचारलं. "आमचे हे तर घरी टीव्ही बघतायत."

बाबा म्हणाले, आत्मा त्या गाडीतून या गाडीत आला. मी हँडब्रेक खाली केला आणि गाडी भुर्रकन पुढे गेली. "उतरला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदाच लोक हसले.

या गाड्यांत इंजिन ओढतं पुढच्या चाकांना. मागची चाकं ब्रेकने धरून ठेवली, की गाडीचं शेपूट खाली खेचलं जातं. एवढाच तो चमत्कार. पण आमचा हँडब्रेक तर खालीच आहे, दिराने शंका काढली. शंका रास्त होती. दवाखान्यातून शेवटचे घरी आले तेव्हा भावजींनी भर पावसात गाडी लावून हँडब्रेक ओढला होता. तो महिनोन्‌महिने तसाच राहिला. ओले ब्रेक आत गंजून चिकटले. नंतर हँडब्रेक खाली करून काय उपयोग? आणि वर आपण रोज दोन वेळा मीठपाणी पाजून तो गंज पोसला.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, मागचं चाक काढलं. आत ब्रेकचा ड्रम, तांबूस, पोपडे धरलेला. गंज सुटावा म्हणून त्यावर हातोडी मारायची होती. दीर मागे सरकला. ताईच्या सासूबाई पुढे आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बेतानं मार गं. त्याला लागेल."

कुणी हसलं नाही. माझाही हात थांबला. ताईने बादली खाली ठेवली, माझ्या हातातली हातोडी घेतली आणि ड्रमच्या कडेवर फिरवून फिरवून घाव घातले. गंजाचा भुगा पडत राहिला. मग आत ठक्क झालं आणि ड्रम हाताने फिरू लागला. दुसऱ्या चाकाचंही तसंच झालं. दोन्ही चाकं बसवून ताईने गाडी अंगणातल्या अंगणात पुढे घेतली. मागे कुणी बसलं नाही. बाबा कधी निघून गेले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. गॅरेजवाला मात्र आता न विचारता आला. ब्रेक नीट तपासल्याशिवाय रस्त्यावर न्यायची नाही, हे मी त्याला बजावलं.

ताई गाडीतून उतरली ती पायरीवर बसली.

"म्हणजे ते अडवत नव्हते," ती म्हणाली.

"नाही गं."

"आणि मी रोज चाकावर पाणी ओतताना त्यांना शिव्या घालत होते." तिला रडू फुटलं. ते गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

गाडी गेली असती तर कर्ज काढून दुसरी घेतली असती. पण बायकोच्या मनातून तिचा चांगला नवरा काढून तिथे वैरी बसवला, ते कसं भरून द्यायचं? म्हणून सांगते, गाडी अडली, माणूस आजारी पडला, काहीही अडलं, तर आधी उघडून बघा, तपासून बघा, जाणकाराला विचारा. गेलेल्या माणसावर आळ घेऊ नका. त्याला उत्तर देता येत नाही.