सिंहाची मागची खोली

बाईंनी वर्गाला काम दिलं होतं ते असं: मनातलं प्राणिसंग्रहालय उभारा, पण उद्या खरी जनावरं आणून सोडली तर ती तिथे सुखाने जगली पाहिजेत. पोरं महिनाभर पुठ्ठा, भुसा नि डिंकात लडबडली. माकडांना उंची मिळाली, पाणघोड्याला डबकं मिळालं, फाटकावर सूचनांची पाटी लागली, आणि सुताराच्या मुलीने सिंहाच्या आवारामागे एक बंद खोली केली. माणसांचा वीट आला की सिंहाने आत जाऊन पडायचं.

हेडसर बघायला आले आणि नेमके तिथेच अडले. सिंह दिसणारच नसेल तर लोक काय गवत बघायला येणार? जनावराला कसला आलाय एकांत! खोली काढा, नाहीतर हे प्रदर्शनाला जाणार नाही, असं बजावून त्यांनी सगळी मांडणी आपल्या केबिनमध्ये नेऊन ठेवली. जाता जाता, फाटकावर आपला फोटो शोभेल, हेही सुचवलं.

बाईंची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. खोली ठेवली तर पोरांची मेहनत पाण्यात, काढली तर शिकवलेलं पाण्यात. त्यांनी मुलीला विचारलं, हे सुचलं कुठून?

"हेडसरांच्या केबिनवरून," ती म्हणाली. "त्यांचं मागचं दार माझ्या बाबांनीच बसवलंय."

बाईंनी हसू ओठांत दाबलं आणि खोलीला हात लावला नाही.

निवड करायला तपासनीस आले, त्याच वेळी गळक्या छपराचा जाब विचारायला पालकही येऊन धडकले. बाई आणि पोरांसकट सगळे मिळून केबिनमध्ये शिरले. पंखा गरगरत होता, चहा वाफाळत होता, खुर्ची मात्र रिकामी. वाट बघता बघता तपासनीस मांडणीवर वाकले. सिंह कुठे दिसेना.

"मागच्या खोलीत आहे," सुताराची मुलगी म्हणाली. "फार माणसं आली की तो आत जातो. मागे लागायचं नाही. गर्दी ओसरली की येतो आपला आपण."

तपासनिसांनी चहाकडे पाहिलं, मग अर्धवट लोटलेल्या मागच्या दाराकडे. पालकांतून कोणीतरी खुसकन हसलं.

"हे जाईल प्रदर्शनाला," ते म्हणाले. "खोलीसकट."

तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि फटीतून हेडसरांचा चष्मा चमकला. जनावरापुढे गोंगाट करायचा नाही, हे शिकवल्याप्रमाणे पोरं चिडीचूप झाली. त्यातल्या एकाने बाईंना हळूच विचारलं, "बिस्कीट टाकू?"

"पाटी वाचली ना?" बाई म्हणाल्या. "खायला घालू नये."