बदली येईपर्यंत

पाणक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव त्याला होतं आणि चष्म्याच्या कारखान्यातही त्याला त्याच नावानं हाक मारत. पण कारखान्यात तो बरेच दिवस गेला नव्हता, आई जाऊन वर्षं लोटली होती आणि घरात बाबा तेवढे उरले होते. तेव्हा त्या चांगल्या नावाला फारसा वापर राहिला नव्हता.

पाणक्या हे नाव खेळातलं. संगणकावरच्या त्या खेळात एक बेट होतं आणि बेटावर चौघांची वस्ती. मुंगी लाकडं तोडून घरं बांधायची, भोपळा कोठार सांभाळायचा, खडूस समुद्राकडची भिंत पडू द्यायचा नाही आणि कालव्याचं पाणी शेताला सोडायचं काम याच्याकडे. बाबांची सगळी नोकरी पंपघरात पाणी सोडण्यातच गेलेली, म्हणून त्यानं गमतीनं हे नाव घेतलं होतं. चौघांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती. जे काय बोलायचं ते पडद्याच्या कोपऱ्यात लिहून. तरी भोपळ्याला मांजर चावलं तेव्हा सगळ्यात आधी कळलं ते या तिघांना.

खेळ तसा खाष्ट होता. रोज पाणी सोडलं नाही की शेत वाळायचं, शेत वाळलं की कोठार रिकामं आणि कोठार रिकामं झालं की वस्ती उठली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. एकाच्या आळसापायी चौघांचं वाटोळं, असा तो कारभार.

आणि नेमका पाणक्याच आडवा झाला. काय झालं ते त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. कारखान्यात चौकटीच्या मापानं काच घासायचं काम त्याचं. चाकावर पाण्याची धार चालू असायची आणि हा एकच काच उचलून मापायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. माप बरोबर आहे हे दिसायचं, पण पटायचं नाही. छातीत धडधड सुरू व्हायची. मग एका सकाळी बूट घालायला म्हणून पलंगावर बसला तो बसूनच राहिला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वेळेवर उठा, आंघोळ करा, जेवा, कुणाशी तरी बोलत जा. पहिली तीन कामं रडतखडत व्हायची. चौथ्याचं काय करावं हे मात्र त्याला उमजेना.

बेटावर बोलता आलं असतं की. पण एक दिवस चुकला, दुसऱ्या दिवशी काय तोंड दाखवू म्हणून चुकला आणि मग त्या चुकण्याचीच इतकी लाज साचली की संगणक नुसता दिसला तरी तो तोंड फिरवायचा. "हे बाहेर न्या, मला डोळ्यांसमोर नको," असं त्यानं बाबांना सांगितलं. बाबांनी निमूटपणे तो पुढच्या खोलीतल्या टेबलावर मांडला आणि वर जुनी चादर टाकली.

त्या दुपारी बाबा त्याच्या गोळ्या आणायला बाहेर पडले तेव्हा पाणक्या उठला. त्याचं ठरलं होतं. एव्हाना वस्ती केव्हाच उठली असणार, तिघं आपल्या नावानं खडे फोडत असणार. एकदा माफी मागायची, नाव कायमचं काढून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. त्यानंतर जगात बोलायला कुणीच उरणार नव्हतं, हेही त्याला कळत होतं. पण निदान कुणी आपली वाट पाहतंय हा बोजा तरी उतरला असता.

त्यानं चादर काढली. खुर्चीवर जेवणघरातली उशी होती. ती इथं कशाला, असं मनात आलं आणि तसंच विरून गेलं. यंत्र बंद केलेलंच नव्हतं. पडदा उजळला आणि पाणक्या बघतच राहिला.

शेत हिरवंगार होतं. बीट तर असं पोसलं होतं की त्याच्या हातून कधी पोसलं नव्हतं. कालव्याची झडप अर्धी उघडी, पाणी संथ वाहतंय. त्यानं नाव तपासलं. पाणक्या. म्हणजे शेत आपलंच. मग पाणी कुणी सोडलं? कुणी आपलं खातं चोरलं म्हणावं, तर कुठला चोर रोज येऊन बिटाला पाणी घालील? मग दुसरा विचार आला आणि तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. या गोळ्या घेऊन आपणच झोपेत उठत असू तर? आपण इथं बसत असू, लिहीत असू आणि आपल्याला ठाऊकच नसेल तर? त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्याला मनापासून भीती वाटली.

तेवढ्यात कोपऱ्यात अक्षरं उमटली. मुंगी होती. "आलात? आज लवकर."

"गुडघा काय म्हणतो?" भोपळ्यानं विचारलं.

पाणक्यानं वाकून आपला गुडघा पाहिला. गुडघा ठणठणीत होता.

"ते राहू दे," खडूसनं लिहिलं. "आज उठला का तो?"

शिव्यांची तयारी करून आलेल्या माणसाला असं कुणी विचारलं तर त्यानं करावं काय? पाणक्यानं एका बोटानं लिहिलं, "कोण?"

"असं काय करता काका," मुंगी म्हणाली. "तुमचा मुलगा."

पाणक्यानं ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. कारखान्यात काचेचं व्हायचं तसंच झालं, समोर दिसत होतं पण पटत नव्हतं. मग उशी आठवली. पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवणारे बाबा आठवले आणि त्याचे कान तापले. खरं तर त्यानं तिथंच सांगायला हवं होतं की मी काका नव्हे. पण सांगितलं असतं तर ही माणसं पाठीमागे काय बोलतात ते कधीच कळलं नसतं. त्यानं लिहिलं, "उठला." ते काही खोटं नव्हतं.

"अरे वा. काही बोलला?"

"नाही. गोंधळलाय."

मग मुंगीचं आलं. "मागे माझं असंच झालं होतं, तेव्हा माझी लाकडं कोण तोडायचं माहीत आहे? तो. स्वतःचं काम उरकून, गुपचूप. मला वाटायचं तोडलेली लाकडं पाहून तरी उठावं. त्याला म्हणावं... नको, काही म्हणू नका. नुसतं सांगा, जागा आहे."

पाणक्याला ती लाकडं आठवत होती. ढीग कमी दिसला म्हणून तोडली होती, त्यात काय एवढं. मुंगी तेव्हा आजारी होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याला रडू आलं. आणि त्याच वेळी रागही आला, आणि थोडा हेवासुद्धा, कारण हा काका त्यांना भलताच आवडत होता. यातलं खरं कुठलं हे त्याला ठरवता येईना.

दारात किल्ली फिरली. बाबा गोळ्यांची पिशवी घेऊन आत आले आणि टेबलाकडे पाहून चोरी पकडल्यासारखे जागच्या जागी उभे राहिले.

"चादर काढलीस," ते म्हणाले.

"बाबा, हे काय आहे?"

"पुसायला म्हणून घेतलं एकदा. तर बटण दाबलं गेलं आणि तुझा खेळच उघडला. ती मुंगी विचारत होती, कुठे आहेस, शेत वाळतंय. मला काही कळेना. मी लिहिलं, तो आजारी आहे, मी त्याचा बाप. झडप कुठे आहे ते सांगा. तिनं शिकवलं मग."

"तुम्ही माझं सगळं त्यांना सांगितलंत."

"सगळं कुठे? जेवलास की नाही तेवढं."

"तेवढं तरी कशाला?"

बाबांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग कुणाला सांगणार होतो रे मी?"

आपण दार लावून पडतो तेव्हा दाराच्या पलीकडे बाबाही एकटेच असतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी बोलायला सांगितलं ते त्याला एकट्याला, अशीच त्याची समजूत होती.

"आणि हे बघ," बाबा जरा धीर येऊन म्हणाले, "तू बदली न देता जागा सोडलीस. आमच्या पंपघरात असं केलं असतं तर घरी बसवला असता. पुढचा माणूस येत नाही तोवर पहिल्यानं हलायचं नाही. एकदा माझा बदलीवाला आलाच नाही, तर मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच. तुझी आई डबा घेऊन आली होती."

"बाबा, हे खरं पाणी नाही."

"ते कळतं मला. इतकाही म्हातारा झालेलो नाही. पण ती पोरं थांबली होती."

मग ते खुर्चीजवळ आले आणि पंपघरात उभे राहत असतील तसे ताठ उभे राहिले. गुडघा दुखत असणार, पण वाकले नाहीत. "आता आलाच आहेस तर ऐकून घे. पाणी चालू, झडप अर्धी. बीट उद्या काढायचं, आज नाही. भिंतीला पूर्वेकडून ओल येतेय, खडूसला सांगितलंय. मुंगी काल उदास वाटली, तिच्याशी आधी बोलायचं. बाकी विशेष नाही."

ते थांबले. ते कशासाठी थांबलेत हे पाणक्याला लहानपणापासून माहीत होतं. डबा घेऊन आईबरोबर तो पंपघरात जायचा तेव्हा त्यानं ऐकलेलं असायचं. येणाऱ्यानं म्हणायचं, चार्ज घेतला. ते शब्द कानावर पडल्याशिवाय जाणारा दारही ओलांडायचा नाही.

त्यानं तोंड उघडलं. उद्या आपल्याला उठवेल का हे त्याला माहीत नव्हतं. परवाचं तर विचारूच नका. आणि घेतला म्हटलं की बाबा चादरीची घडी घालून निघून जाणार, आपल्या खोलीत, गुडघा चोळत बसायला. त्याला बाबा जायला नको होते. पण त्यांनाच इथं कामाला ठेवून आपण पुन्हा पलंगावर पडावं, हेही नको होतं.

"अर्धा घेतला," तो शेवटी म्हणाला.

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. अख्ख्या नोकरीत त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. अर्ध्या चार्जला काय करायचं असतं, याचा नियमच नव्हता. मग पिशवी टेबलावर ठेवून जेवणघरात गेले आणि स्टूल घेऊन आले.

पाणक्यानं खुर्चीवरची उशी काढून स्टुलावर ठेवली. बाबा हळूच टेकले आणि त्यांनी पाय लांब केला.

पडद्यावर मुंगी विचारत होती, "काका, गेलात का?"

"आता उत्तर कुणी द्यायचं?" बाबांनी विचारलं.

पाणक्याला माहीत नव्हतं. त्यानं कळफलक मध्ये सरकवला आणि बाबांच्या एका बोटानं आणि त्याच्या एका बोटानं, खाडाखोड करत, ते लिहून झालं. "दोघंही इथेच आहोत."