चार अक्षरांची कोरी जागा

तिर्त्साने तारुण्याची सगळी वर्षं जेरुसलेममधल्या त्या खोलीत कातड्यावरच्या हस्तलिखितांचे तुकडे जुळवण्यात घालवली होती. वाळवंटातल्या गुहांतून आलेले, दोन हजार वर्षांपूर्वीचे, नखाएवढे तुकडे मऊ कुंचल्याने साफ करायचे, काचेखाली मांडायचे आणि कडेला कड लागेपर्यंत धीर धरायचा, हेच तिचं आयुष्य.

एक स्तोत्र तिने असंच जुळवलं, तर त्यात देवाच्या नावाच्या जागा कोऱ्या निघाल्या. मजकूर लिहिणारा एक, नाव लिहिणारा दुसरा, अधिक शुद्ध. आणि तो दुसरा कधी आलाच नव्हता. ते स्तोत्र लिहिणाऱ्या जुन्या पंथात देवाचं नाव लिहायचा अधिकार सगळ्यांना नव्हता, हे तिने ओळखलं आणि मोठ्या आनंदाने आपल्या गुरूला, गेदल्याला सांगितलं. लेख छापून आला, त्यावर नाव फक्त गेदल्याचं होतं.

"सर, दोघांची नावं टाकायचं ठरलं होतं ना आपलं?"

"अगं, घरातल्या घरात कसलं तुझं-माझं? पुढच्या लेखात टाकू की!"

ज्याला बापासारखं मानलं, त्यानेच तोंडाला पानं पुसली. संतापाच्या भरात कातड्याला शिवायचं नसतं, म्हणून ती काचेवर नुसती वाकली.

पहिल्या कोऱ्या जागेत शाई होती. चार जुनी अक्षरं, हिब्रूतलं देवाचं अख्खं नाव, ओली. काचेच्या कडांची चिकटपट्टी मात्र जशीच्या तशी होती.

तिने हाक मारली. गेदल्याने पाहिलं आणि आधी दार लावलं.

"तू लिहिलंस?"

"नाही."

"आणखी कुणी पाहिलंय?"

"तुम्ही आणि मी."

त्याने पट्टी सोडवली, काच उचलली आणि पातं हातात घेतलं.

"सर, नाव आहे ते!" तिने त्याचं मनगट धरलं. लिहिलेलं देवाचं नाव पुसायचं नाही, पान जीर्ण झालं तर माणसासारखं पुरायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. गेदल्या तर रोज दाराच्या चौकटीवरच्या, पवित्र वचन ठेवलेल्या डबीला हात लावून बोटं ओठांशी नेणारा.

"जागा कोरी नसेल तर माझा लेख गेला," असं म्हणून त्याने हात सोडवून घेतला आणि चारही अक्षरं सावकाश, सराईतपणे खरवडली.

मग पातं पुसून त्याने वर पाहिलं. नजरेत राग नव्हता. ओळखही नव्हती.

"बाई, आपण कोण? बाहेरच्या माणसांना इथे परवानगी नाही."

"सर, काय बोलताय? मी..." ती म्हणाली आणि थांबली. मनात रोज जिथे स्वतःचं नाव असायचं, तिथे तिला चार अक्षरांएवढी कोरी जागा सापडली.