शेवटच्या पंगतीतली जागा

मूस हरणाच्या मटणाच्या रश्श्यावरची चरबी आधी कडेने गोठते. इनॅमलचा वाडगा कडेला लवकर निवतो, म्हणून तिथे प्रथम एक पांढुरकी रेघ उमटते. मग ती रुंद होत आत सरकते. मध्यभागी बराच वेळ एक गोल डोळा पातळ राहतो आणि त्यात छतावरची ट्यूबलाइट दिसते. माझ्या वाडग्यातला डोळा आता बटणाएवढा झाला होता. मी अजून चमचा उचलला नव्हता.

"आर्डिथ, खा ना," आई हळूच म्हणाली. "वाढलेलं टाकू नये."

"टाकत नाहीये. थांबलेय."

"कशासाठी?"

ते मला नीट सांगता आलं नसतं. आम्ही दोघी पाहुण्यांच्या टेबलाशी बसलो होतो, खिडकीजवळ, जिथे दारातून वाऱ्याचा झोत येत नाही आणि खुर्च्यांना गाद्या आहेत. होड्यांतून जंगली तांदूळ झोडून आणला की अजिडमो लेकच्या आमच्या आदिवासी वस्तीत जेवण होतं. बाहेरून आलेल्यांना आधी वाढतात, मग म्हाताऱ्यांना, मग पोरांना. ज्यांनी शिजवलं आणि वाढलं ते घरचे लोक शेवटी जेवतात. स्वयंपाकघरात, बहुतेक उभ्यानेच. लहानपणी मला वाटायचं, खरं जेवण तेच. हसण्याचे आवाज तिथूनच यायचे.

आईने ते जेवण वर्षानुवर्षं वाढलं होतं. वस्तीचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलवरही ती होती. मग तिची मूत्रपिंडं गेली. डायलिसिसचं यंत्र थंडर बे शहरात आहे, वस्तीत नाही. ती माझ्याकडे शहरात राहायला आली आणि नियमाप्रमाणे तिची कौन्सिलवरची जागा गेली, कारण कौन्सिलवर बसणारा वस्तीतच राहणारा हवा. आम्ही शहरातले मत देऊ शकतो, ते कोर्टात भांडून मिळालं. निवडणुकीला उभं राहायचा नियम मात्र आमचा आमचाच, आणि तो बदलायला म्हाताऱ्या मंडळींचा शब्द लागतो. आमच्यातले निम्म्याहून जास्त लोक आज शहरात आहेत. कुणी यंत्रासाठी, कुणी शाळेसाठी, कुणी इथे घरच मिळालं नाही म्हणून.

पहिल्याच शरदात आईने अगाथा आजीच्या हातात तंबाखूची पुरचुंडी ठेवली आणि मागितलं: शहरातल्यांसाठी एक जागा. अगाथा आजी म्हाताऱ्यांमध्ये सगळ्यात वडील. तिने पुरचुंडी घेतली, म्हणजे आमच्या रीतीने विषय हाती घेतला. "विचार करते," म्हणाली. पुढच्या शरदातही तेच म्हणाली, आणि त्याच्या पुढच्याही. म्हाताऱ्या माणसाला आमच्यात कुणी घाई करत नाही. पण बर्फ पडायच्या आत निवडणुकीसाठी नावं घेणार होते. आज शब्द मिळाला नाही, तर पुढची निवडणूक येईपर्यंत थांबायचं. आईचे रक्ताचे अहवाल मी वाचते. ती तोवर थांबू शकेल, असं मला वाटत नव्हतं. तिलाही वाटत नसावं.

डेलबर्टमामा चहाची किटली घेऊन आला. तो आईचा धाकटा भाऊ, सध्या कौन्सिलवर.

"काय पाणीवाली!" तो मला म्हणाला. मी शहरातल्या प्रयोगशाळेत पाणी तपासते, वस्तीतले नमुनेही माझ्याकडेच येतात. "झालं का आमचं पाणी पिण्यासारखं?"

"नाही. उकळून प्या."

"उकळलंय की. त्यालाच चहा म्हणतात." त्याने माझा कप काठोकाठ भरला.

"डेल," आई म्हणाली, "आज तू आमच्या बाजूने बोलणार आहेस का?"

"ताई, काय बोलू? तुम्ही येता, जेवता, रस्त्याला लागता. मागे भांडी कोण घासतं? हिवाळ्यात पंप बंद पडला की गोठलेल्या पाइपाखाली कोण शिरतं?"

"तुझी बायको. तू टॉर्च धरतोस."

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. मामाही हसला. "पण भांड्यांचं खरं आहे," असं म्हणून तो पुढे गेला.

भांड्यांचं खरंच होतं. त्या पहिल्या शरदात आई डायलिसिसच्या दुसऱ्याच दिवशी इतक्या लांबून आली होती. पाय ओढत ती आत शिरली आणि दाराजवळच्या पहिल्या खुर्चीत बसली. ती खुर्ची पाहुण्यांच्या टेबलाची होती. कुणीतरी लगबगीने ताट आणलं. आलेलं ताट नाकारायचं नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. ती जेवली. पुढच्या वर्षी आमच्यासाठी तिथेच खुर्च्या मांडलेल्या होत्या, गादीसकट. मी स्वयंपाकघराकडे वळले की कुणी ना कुणी म्हणायचं, "बस गं, लांबून आलीस." आणि मी बसायचे. त्यांनी रीत म्हणून वाढलं, आम्ही रीत म्हणून खाल्लं, आणि कुणाच्याही मनात नसताना आम्ही पाहुणे होऊन गेलो.

वाडग्यातला डोळा मिटला.

मी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला निघाले. अगाथा आजी स्वयंपाकघराच्या दाराशी ॲप्रन बांधून बसली होती आणि तव्यातली बॅनॉकची जाड रोटी तोडून पोरांना देत होती. मी तिच्यापुढे उभी राहिले.

"आजी, हे मला नको."

"आर्डिथ!" मागून आईचा आवाज आला. जवळच्या टेबलांवरचं बोलणं थांबलं.

"बिघडलंय का?" अगाथा आजीने विचारलं.

"नाही. मला शेवटी जेवायचंय. वाढणाऱ्यांबरोबर."

तिने वाडग्यात पाहिलं, मग माझ्याकडे. तिला घाई नव्हती. माझे अंगठे गार कडेवर घट्ट दाबले गेले होते.

"मग हे कोण खाणार?"

"डेलबर्टमामा. आज त्याला बसू दे माझ्या खुर्चीत."

"अगं, गोठलंय ते!" मामा किटली हातात धरून ओरडला.

"पाइपासारखं," आई म्हणाली. "टॉर्च आणू का?"

सगळा हॉल हसला. अगाथा आजी आवाज न करता हसते, फक्त खांदे हलतात. ते हलले. मग तिने पाठीमागची गाठ सोडली आणि ॲप्रन माझ्या खांद्यावर टाकला.

"आधी हे गरम करून दे त्याला. मग मोठं पातेलं घास, तळाला लागलंय. तुमच्या प्रयोगशाळेत भांडी घासतेस की नाही?"

"तेच जास्त करते, आजी."

मामाला खरंच माझ्या खुर्चीत बसवलं. तो उठायला लागला की चारही बाजूंनी लोक म्हणत, "बस रे, लांबून आलास." त्याचे कान लाल झाले. पण वाडगा त्याने पुसून संपवला.

स्वयंपाकघरात मी कोपरापर्यंत गरम पाण्यात होते. आई स्टुलावर येऊन बसली. ज्या हाताला सुया टोचतात त्या हाताने तिने वजन उचलायचं नसतं, म्हणून मामीने तिला फडकं आणि चमचे दिले. कुणी तिला बाहेर जाऊन बस म्हणालं नाही. शेवटी आम्ही जेवलो, उभ्यानेच, पातेल्यातून खरवडलेला करपट भात आणि रश्श्याचा तळ. आईच्या पथ्यात ते बसत नव्हतं. तिने दोन घास घेतले. मामीने आणखी कशावरून तरी मामाची नक्कल केली आणि आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. गेल्या किती तरी महिन्यांपासून माझ्या छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं, ते जरा बाजूला सरकलं.

मग खुर्च्या गोल मांडल्या. गरुडाचं पीस हातोहात फिरू लागलं. ज्याच्या हातात पीस, तो बोलणार. बाकीच्यांनी ऐकायचं.

मामाकडे आलं तेव्हा त्याने ते बोटांत फिरवलं. "मला अजून भीती वाटते," तो म्हणाला. "शहरात माणसं जास्त आहेत. उद्या इथल्या घरांचं तिथे बसून ठरेल. एक जागा म्हणता, तर एकच ठेवा. आणि जो कुणी येईल त्याने इथे येऊन बसायचं, फोनवरून नाही." त्याने खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. "आणि त्या खुर्चीतून स्वयंपाकघर दिसत नाही. मला माहीत नव्हतं."

आईने पीस हातात घेतलं. "मी वस्ती सोडली नाही," ती म्हणाली. "माझ्या मूत्रपिंडांनी मला सोडलं. बाकीची मी इथलीच आहे."

मी पीस पुढे दिलं.

अगाथा आजीकडे ते सगळ्यात शेवटी आलं. तिने पीस मांडीवर ठेवलं आणि त्यावरून तळहात फिरवला. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही, हाताकडेच पाहत राहिले.

"लिओना," तिने आईला नावाने हाक मारली. "तुझी तंबाखू मी त्याच शरदात तळ्याला वाहिली. उत्तर द्यायला मात्र धजले नाही. वाटायचं, पाहुण्यांना घरातली जागा दिली तर घरच्यांनी जायचं कुठे." तिचे खांदे किंचित हलले. "आज इथे पाहुणा एकच होता, आणि तो डेलबर्ट."

कुणी तरी हसू दाबलं. अगाथा आजीने काठी शोधली, माझ्या दंडाचा आधार घेतला आणि उभी राहिली. बोलण्यासाठी ती कधी उभी राहत नाही.

"शहरातल्या आपल्या माणसांसाठी कौन्सिलवर एक जागा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "याच निवडणुकीपासून."