दादाच्या हाताचं माप

करंगळी

तिच्या हातून मेणाचा दात पुन्हा वाकडा कोरला गेला. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सकाळपासून मेल्यासारखी पडून होती.

दातांच्या लॅबच्या मालकीणबाईंनी तो उजेडात धरला. "हा बसवला तर पेशंट घासाआधी स्वतःची जीभ चावेल. हात बरा होत नसेल तर उद्यापासून फोनवर बस. कोरायला दुसरी बघते."

दात कोरण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. यायला नकोही होतं.

टेप

लोकांच्या तोंडाचे साचे ती दिवसभर हाताळायची. लाळेचे, रक्ताचे, कुणाच्या दाढेतल्या कुजक्या पालकासकट. आपली किळस नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मेली, असं ती सांगायची. खोटं. संध्याकाळी सायकलच्या हँडलवर हात ठेवला की ती किळस उठून बसायची.

सायकल दादाची, जुनी, शर्यतीची, आता तिला दिलेली. हँडलभोवती गुंडाळलेली टेप काळी, चिकट. दादाचा कित्येक उन्हाळ्यांचा घाम तिच्यात मुरलेला. वास ओल्या मोज्याचा. बदलायचं नाव काढलं की दादा म्हणायचा, "टेप नाही गं ती. कमाई आहे माझी."

मधला तुकडा

फ्रेम आणि हँडल यांना जोडणारा आडवा तुकडा म्हणजे स्टेम. तो लांब असला की हँडल दूर जातं, माणूस ओणवा होतो आणि अंगाचा भार तळहातांवर येतो. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दात केसभर उंच राहिला तर अख्खा जबडा रुसतो, हे तिचं रोजचंच काम.

सायकल तिला देताना दादाने माप घेतलं ते असं. कोपर सीटच्या टोकाला टेकवलं, बोटं हँडलकडे ताणली, बोटं टेकली. "तंतोतंत!"

कोपर त्याचं. बोटं त्याची. ती शेजारी उभी, त्याचं हेल्मेट धरून.

सीट

"दादा, हात बधिर होतात."

"होणारच. सवय कुठाय तुला?"

"आखूड स्टेम लावून दे ना."

"आखूड? मग पुढे टोपली लाव आणि भाजी वीक! अगं, लांब स्टेमवर माणूस कसा दिसतो, बाणासारखा."

"मला बाण नाही व्हायचं. मला दात कोरायचेत."

"बरं बाई, रडू नकोस."

त्याने सीट पुढे सरकवली. हँडल जवळ आलं, असं दोघांनाही वाटलं. मग त्याने अंगठा चाटला, थुंकीने स्टेमवरचा डाग पुसला आणि तोच अंगठा तिच्या गालाला लावला. "झालं बघ, चिमणे."

घरी जाऊन तिने गाल लाल होईस्तोवर घासला. पुढे सरकलेल्या सीटमुळे हातांवरचा भार उलट वाढला. वर गुडघे दुखायला लागले ते वेगळंच.

जिना

मालकीणबाईंचा दम ऐकून त्या संध्याकाळी ती तडक दादाकडे गेली. जिन्याखाली त्याची नवी सायकल उभी होती. टेप कोरी. स्टेम आखूड, बुटका, तोंड वर केलेला.

वहिनी कचरा टाकायला उतरली होती.

"वहिनी, याचा स्टेम असा कसा?"

"अगं, मागच्या वर्षी मान धरली ना त्याची. बोटं बधिर व्हायची, झोपेतून हात झटकत उठायचा. जुनी सायकल डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून तर तुला…" वहिनीने कचऱ्याची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

तिने गाल पुन्हा एकदा पुसला. थुंकी परवडली. स्वतःला नको झालेलं दुखणं पुसूनबिसून, वर उपदेशाची फोडणी घालून बहिणीपुढे वाढलेलं. उष्टं ताट. आणि म्हणायचं काय, तर खा, सवय होईल.

दादाच्या सायकलला अडकवलेल्या पिशवीतून तिने पाना काढला. आपल्या सायकलची सीट मागे, मूळ जागी नेली. कोपर टेकवलं, स्वतःचं. बोटं हँडलच्या अलीकडेच हवेत राहिली. नव्या सायकलचा स्टेम जेवढा आखूड, जवळपास तेवढंच अंतर उरलं.

दादा खाली आला तेव्हा दोन्ही हँडलं फरशीवर होती.

"अगं, तो माझा स्टेम आहे!"

"मग हा लांब घे ना. बाणासारखा दिसशील. तुला तर सवय आहे."

"माझ्या मानेचं काय…" तो म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

वहिनी भिंतीकडे तोंड करून हसली.

ती नट आवळत राहिली. डाव्या हाताने, जमेल तसं.

करंगळी

आखूड स्टेमवर चौक ओलांडल्यावर खांदे खाली आले. कोपरं सैल झाली. मग करंगळीला मुंग्या आल्या, झोंबऱ्या, आणि मुंग्यांच्या मागून हळूहळू करंगळी आली.

करंगळीला सगळ्यात आधी लागली ती टेप. चिकट, कोमट, दादाची.

"शी!" ती भररस्त्यात ओरडली. पाय टेकून थांबली आणि टेपेचं टोक उकरायला लागली. करंगळीच्याच नखाने.